कापलेल्या जाळ्याचा हिशेब: एका छोट्या अनुदानाच्या लेखापरीक्षेचे प्रकरण

हे प्रकरण कोकण किनाऱ्यावरच्या एका मत्स्यव्यवसाय कार्यालयातले आहे. कार्यालय, बंदर आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून ठिकाण, रकमा आणि काही तपशील बदलले आहेत. शासकीय अनुदानांची लेखापरीक्षा करणाऱ्यांना आणि ती करून घेणाऱ्यांना, दोघांनाही यातून काही हाती लागेल असे वाटते, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने मच्छीमारांसाठी एक वेगळी योजना आणली. मासेमारी करताना जाळ्यात संरक्षित सागरी प्राणी अडकला आणि त्याला जिवंत सोडण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापले, तर नुकसानीपोटी त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी मिळून ती राबवायची आणि सुटकेचा पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत घ्यायची, असे ठरले. गुजरातेत व्हेल शार्कसाठी अशी भरपाई त्याआधीपासून दिली जात होती. हा मासा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे. भारतीय समुद्रात आढळणारी पाचही जातींची सागरी कासवे याच अनुसूचीत येतात.

योजनेमागचा विचार समजून घेतल्याशिवाय तिची तपासणी करता येत नाही. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात गुरफटून ते पाण्याखाली अडकून राहिले की गुदमरून मरते. जाळे ओढताना ते जिवंत दिसले, तर तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, तिथल्या तिथे ठरवावे लागते. एकेक फास सोडवत बसायचे, की सुरी घेऊन तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) कापून मोकळे व्हायचे? सोडवत बसले तर तास जातो, कासव झटापट करून आणखी गुरफटते आणि होडी लाटांवर हेलकावत राहते. कापले तर जाळ्याला मोठे भगदाड पडते आणि ते भरून निघेपर्यंत मासळी निसटत राहते. त्या क्षणी सुरी उचलली जावी, एवढ्यासाठी हे पैसे आहेत.

आणखी एक गोष्ट योजनेच्या कागदात दिसत नाही, पण किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या अनुसूचीतला प्राणी आपल्या जाळ्यात असल्याचा फोटो काढायचा आणि तो सरकारी कार्यालयात नेऊन द्यायचा, याला धीर लागतो. वर्षानुवर्षे अशा प्राण्याबद्दल गप्प बसणे हाच शहाणपणा मानला जात होता. मच्छीमार फोटो आणून देतो तेव्हा तो विश्वास टाकत असतो, हे लेखापरीक्षकाने लक्षात ठेवायला हवे.

प्रश्न कसा पुढे आला

आमच्या लेखापरीक्षा पथकाकडे त्या कार्यालयाचा तीन आर्थिक वर्षांचा खर्च तपासायला होता. मोठी रक्कम डिझेल परताव्याची आणि नौका व उपकरणांवरच्या अनुदानांची होती. जाळे भरपाईचा खर्च त्यामानाने किरकोळ, साठेक प्रकरणांचा. नेहमीच्या पद्धतीने नमुना निवडला असता तर यातली दोनतीन प्रकरणे पाहून काम संपले असते. पण रोकड वहीत ओळीने २५,०००, २४,५००, २५,००० अशा नोंदी दिसल्या आणि पथकातल्या सहकाऱ्याने सगळ्याच फायली मागवल्या.

प्रत्येक फाईल पाचसहा कागदांची होती: अर्ज, नौकेच्या नोंदणीची प्रत, बँक पासबुकाचे पहिले पान, परवाना अधिकाऱ्याचा पंचनामा, मंजुरीची टिपणी आणि फोटो. हा फोटो साध्या कागदावर काळापांढरा छापलेला. शाई कमी पडलेल्या छपाईत कासव म्हणजे एक काळा डाग, भोवती जाळ्याच्या करड्या रेघा. बऱ्याच फायलींत प्राणी कासव आहे की मोठी पाकट (एक चपटा मासा), हेही सांगता येत नव्हते. अर्जात प्राण्याच्या जातीसाठी रकाना होता. त्यात सगळीकडे नुसते 'कासव' लिहिलेले.

वाचता वाचता शंकांची यादी तयार झाली. दोन वेगळ्या अर्जदारांच्या फायलींत फोटो जवळजवळ सारखे होते, घटनेची तारीखही एकच. तीन प्रकरणांत घटनेची तारीख जून महिन्यातली होती, आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदी असते. एका फाईलीतला फोटो इतका नीटनेटका, उजेडात, समोरून काढलेला होता की तो होडीवरून काढला असेल असे वाटेना. आणि नुकसानीचा अंदाज बहुतेक सगळीकडे कमाल मर्यादेला टेकलेला. पंचनाम्यातले वाक्यही एकच: 'जाळ्याचे पूर्णतः नुकसान झाल्याचे दिसून येते.'

कागदावर पाहिले तर यातून पाचसहा परिच्छेदांचा भक्कम निरीक्षण अहवाल तयार होत होता.

समोरचे पर्याय

हाफ मार्जिन, म्हणजे कार्यालयाकडे खुलाशासाठी द्यायचा प्राथमिक लेखी आक्षेप, काढण्याआधी पथकात बराच खल झाला.

पहिला पर्याय सरळ होता. जे आहे ते लिहायचे, शंकास्पद प्रकरणांतली रक्कम अनुज्ञेय नाही असे म्हणून वसुली सुचवायची आणि खुलासा करण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकायची. लेखापरीक्षकासाठी हा सर्वांत सुरक्षित मार्ग. पुरावा नसेल तर खर्च मान्य नाही, हे तत्त्व कोणीही नाकारणार नाही.

दुसरा पर्याय सोडून देण्याचा. रक्कम लहान, लाभार्थी गरीब, योजना चांगल्या हेतूची. डिझेल परताव्याकडे लक्ष द्यावे, यावर वेळ घालवू नये. याही मताला वजन होते. पथकाचे मनुष्यदिवस मोजके असतात आणि ते कुठे खर्च करायचे, हाही लेखापरीक्षेतला एक निर्णयच आहे.

तिसरा पर्याय बंदरावर जाऊन पाहण्याचा. वेळ लागणार होता आणि वर्षभरापूर्वी समुद्रात घडलेल्या गोष्टीचा माग लागेलच याची खात्री नव्हती.

माझे मत तिसऱ्या बाजूला होते आणि त्याचे कारण वसुलीच्या परिणामात होते. अशा योजनेत वसुलीची एक नोटीस एका घरात थांबत नाही. संध्याकाळी लिलावाच्या वेळी ती सगळ्या बंदराला कळते. ज्याने खरोखर जाळे कापले त्याच्याकडूनच पैसे परत मागितले, तर पुढच्या खेपेला फोटो काढायला कोणी धजावणार नाही, आणि योजना कागदावर चालू राहूनही बंद पडेल. उलट, खोटा दावा सोडून दिला तर तोही बंदराला कळतोच. दोन्ही बाजूंनी नुकसान असेल तेव्हा अंदाजावर परिच्छेद लिहिता येत नाही.

एका कायदेशीर कसोटीचाही आधार मिळाला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कर्तव्यांविषयीच्या १९७१ च्या कायद्यात कलम १५ आहे. एखाद्या संस्थेला विशिष्ट कामासाठी अनुदान दिले असेल, तर ते देणाऱ्या अधिकाऱ्याने अटी पूर्ण झाल्याची खात्री कोणत्या पद्धतीने करून घेतली, ती पद्धत तपासावी, असे त्याचे सार आहे. हे कलम संस्थांना दिलेल्या अनुदानांबद्दल आहे, इथे लाभार्थी व्यक्ती होत्या. तरी प्रश्न विचारण्याची दिशा त्यातून सापडली. मच्छीमाराने काय सिद्ध केले, याच्या आधी कार्यालयाने खात्री कशी केली, हे पाहायचे ठरले.

प्रत्यक्ष तपासणी

सुरुवात फोटोंपासून केली. मूळ फाईली मागितल्यावर कळले की अर्जदार फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि लिपिक ते छापून फाईलीला लावतो. व्हॉट्सॲपवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याचा आकार कमी होतो आणि काढल्याची वेळ व ठिकाण ही आत दडलेली माहिती गळून पडते. म्हणजे कार्यालयाच्या फोनवर जे होते, त्याला पुरावा म्हणून फारसा अर्थ उरला नव्हता. मूळ चित्रफिती मच्छीमारांच्या फोनमध्ये, जर फोन अजून शाबूत असेल तर. काहींचे होते. एकाचा पाण्यात पडला होता, एकाने विकला होता.

फोटोखेरीज समुद्रातल्या घटनेच्या खुणा आणखी कुठे राहतात? या प्रश्नाने तपासणीला खरी दिशा दिली. नौका बंदरातून बाहेर गेली आणि परत आली याची नोंद मासळी उतरवण्याच्या केंद्रावरचा सुरक्षा रक्षक करतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर आलेली ही व्यवस्था सुरक्षेसाठी आहे, पण तिचे रजिस्टर आम्हाला सोन्यासारखे होते. यांत्रिकी नौकेने किती डिझेल उचलले, हे मच्छीमार सहकारी संस्थेच्या वहीत असते. त्या दिवशी मासळी विकली गेली असेल तर व्यापाऱ्याच्या वहीत वजन आणि भाव असतात. यातला एकही कागद योजनेने मागितलेला नव्हता, आणि तिन्ही कागद बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते.

*जूनमधली प्रकरणे.* तीनपैकी दोन होड्या बिगर यांत्रिकी निघाल्या. वल्ह्याच्या, किनाऱ्याजवळ जाळी टाकणाऱ्या पारंपरिक होड्यांना पावसाळी बंदी लागू नसते. नोंदणीच्या प्रतीवर होडीचा प्रकार स्पष्ट लिहिला होता, फाईलीतच. तिसरी नौका यांत्रिकी होती. तिच्या अर्जावर घटनेची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली, पण पंचनाम्यात मे महिन्याचा शेवट. मच्छीमाराच्या फोनमधली चित्रफीत मे महिन्याची होती, रक्षकाच्या रजिस्टरातली नोंदही त्याच दिवसाची. अर्ज आवक झाला ती तारीख कोणीतरी घटनेच्या रकान्यात लिहिली होती. तिन्ही शंका इथे संपल्या.

*एकच कासव, दोन दावे.* हा भाग सर्वांत जास्त वेळ घेऊन गेला. दोन्ही अर्जदारांच्या फोनमध्ये मूळ फोटो होते, म्हणून आता रंगीत, मोठे करून पाहता आले. सागरी कासवांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधकांना ते दाखवले. ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना जी कवचाची खवले असतात, त्यांची संख्या प्रत्येक प्राण्यात वेगळी असू शकते, डावी-उजवी बाजूही बऱ्याचदा सारखी नसते. त्यांनी पेन्सिलच्या टोकाने एकेक खवला मोजून दाखवला. डावीकडे सहा, उजवीकडे सात. दुसऱ्या फोटोतही सहा आणि सात. डावीकडच्या तिसऱ्या खवल्यावर कडेला शंखासारखा चिकटलेला एक जीव होता, तोही दोन्हीकडे त्याच जागी. कासव एकच होते, यात संशय उरला नाही.

कार्यालयातच थांबलो असतो तर इथे दुबार दाव्याचा परिच्छेद लिहिला गेला असता.

दोन्ही अर्जदारांना वेगवेगळे भेटलो. पहिल्याच्या घरी तो नव्हता, त्याची आई जाळ्याला शिशाच्या गोळ्या ओवत बसली होती. आम्ही कशासाठी आलो ते सांगितल्यावर म्हणाली, "कासव दोघांच्या जाळ्यात होता. आमची पाटी न त्याची पाटी, जोडावर. दोघांनी कापली." लहान होड्यांवर बरेचदा एकाच्या मालकीचे पूर्ण जाळे नसते. खलाशी आपापले तुकडे आणतात, ते दोरीने एकापुढे एक जोडून समुद्रात सोडतात, आणि मासळीचे वाटे होडी, जाळी आणि अंगमेहनत या हिशेबाने पडतात. कासव दोन तुकड्यांच्या जोडावर गुंतले होते. दोघांचेही तुकडे कापले गेले, दोघांनीही अर्ज केला.

दुसऱ्या अर्जदाराने काही न विचारता हेच सांगितले आणि माळ्यावरून जाळे खाली काढले. वर्षभरात ते दुरुस्त झाले होते, पण जुना तंगूस मळकट पांढरा आणि भरलेला भाग हिरवट होता. कडेच्या दोरीपासून सुरू होणारे ते ठिगळ अडीचतीन वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) लांब होते. पहिल्याच्या जाळ्यावरही दुसऱ्या टोकाला तसेच ठिगळ. दोन्ही तुकडे अंगणात टोकाला टोक लावून पसरले तेव्हा दोन हिरवे भाग एकमेकांना येऊन मिळाले.

दावे खरे होते. पण प्रश्न मिटला नव्हता. एका सुटकेसाठी दोघांना मिळून जवळपास पन्नास हजार दिले गेले होते. मर्यादा प्रत्येक जाळ्याला की प्रत्येक घटनेला, हे कार्यालयाच्या अर्जात आणि टिपणीत कुठेही लिहिलेले नव्हते. मंजूर करणाऱ्याला दोन्ही अर्ज एकाच घटनेचे आहेत हे लक्षातच आले नव्हते, कारण घटनेप्रमाणे नोंदवहीच नव्हती.

*नीटनेटका फोटो.* इथे मात्र शंका खरी ठरली. रक्षकाच्या रजिस्टराप्रमाणे ती नौका त्या आठवड्यात बाहेर गेलीच नव्हती. संस्थेच्या वहीत डिझेलची उचल नाही. नौकेचे इंजिन दुरुस्तीला होते, हे शेजारच्या दोघातिघांनी सहज सांगितले. फोटो आधी एका ग्रुपवर फिरलेल्या दुसऱ्या ठिकाणच्या सुटकेचा निघाला. नौकामालकाने फार वेळ नाकारले नाही. अर्ज भरून देणाऱ्या एका मध्यस्थाने सगळे जुळवून दिले होते आणि रकमेतला मोठा हिस्सा घेतला होता. त्याच मध्यस्थाच्या हस्ताक्षरातले आणखी काही अर्ज होते, म्हणून तेही पुन्हा तपासले. ते खरे निघाले. ज्यांना फॉर्म भरता येत नव्हता त्यांना त्याची मदतच झाली होती, पैसे घेऊन का होईना.

*नुकसानीचा अंदाज.* परवाना अधिकाऱ्यांनी मोकळेपणाने सांगितले की मोजमापाची पद्धतच ठरलेली नाही. जाळे किती वाव कापले गेले, किती जुने होते, तंगूस किलोला काय भावाने मिळतो, यातले काहीच पंचनाम्यात येत नव्हते. मग मच्छीमार मागेल ते आणि मर्यादेत बसेल ते, असे चालले होते. ज्या जाळ्यावर आम्ही अडीचतीन वाव ठिगळ मोजले, त्याच्या पंचनाम्यातही 'पूर्णतः नुकसान' होते. यात लबाडी दिसली नाही, पण शासनाचा पैसा कशाच्या आधारावर गेला याचे उत्तरही नव्हते.

ज्याची शंका आलीच नव्हती

एवढे होईपर्यंत आमचे सगळे लक्ष जास्त दिलेल्या पैशावर होते. बंदरावर मात्र प्रत्येक जण दुसरेच बोलत होता. एक वयस्क तांडेल म्हणाले, "साहेब, जाळं त्याच रात्री कापावं लागतं. पैसे दुसऱ्या सालाला आले." दुसऱ्या घरी बाईंनी पासबुक पुढे केले आणि बोट ठेवून रक्कम जमा झालेली तारीख दाखवली. मधल्या काळात त्यांनी जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती, आणि उचल घेतली की मासळी त्यालाच, त्याच्या भावाने द्यावी लागते.

परत येऊन सगळ्या फायलींतल्या तारखांचा एक तक्ता केला: घटना, अर्ज, पंचनामा, दुसऱ्या विभागाकडे रवानगी, मंजुरी, खात्यात जमा. पंचनामा बहुतेक वेळा आठवड्याच्या आत झालेला होता. त्यानंतर फाईल थांबत होती. कार्यालय पुरेशी प्रकरणे साठली की एकत्र गठ्ठा पाठवत होते, आणि दोन विभागांची संयुक्त बैठक जमेल तेव्हा होत होती. काही प्रकरणांना वर्ष उलटून गेले होते.

इथे पथकात पुन्हा मतभेद झाला आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथला आहे. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की कार्यालयाकडे असलेल्या आदेशांत रक्कम किती दिवसांत द्यायची हे सांगितलेले नाही, मग उशिराचा आक्षेप कशाच्या आधारावर घ्यायचा? निकष नसेल तर निष्कर्ष टिकत नाही. म्हणणे नियमाला धरून होते. पण निकष योजनेच्या बाहेर सापडला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब याविषयीचा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम साधारणपणे असे सांगतो की कोणाकडेही फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागणाऱ्या प्रकरणांत तीन महिन्यांत निर्णय व्हावा. बदल्यांच्या संदर्भात या कायद्याची आठवण सगळ्यांना असते, त्यातल्या विलंबाच्या तरतुदी अशा लहान फायलींना कोणी लावून पाहत नाही. आम्ही लावून पाहिल्या. निम्म्याहून जास्त प्रकरणे तीन महिन्यांच्या बाहेर होती.

अहवालाचा मुख्य परिच्छेद बदलला. विलंब आणि मोजमापाचा अभाव वर गेले, खोटा दावा त्याखाली.

निष्पत्ती

खोट्या दाव्याची रक्कम नौकामालकाकडून हप्त्यांनी वसूल झाली. मध्यस्थाबाबतचा अहवाल कार्यालयाने वरिष्ठांकडे पाठवला. जूनमधल्या तीन प्रकरणांवरच्या शंका हाफ मार्जिनच्या पातळीवरच मागे घेतल्या, त्या अहवालात आल्याच नाहीत. जोडावरच्या कासवाच्या दोन्ही दाव्यांत वसुली सुचवली नाही. मर्यादा कशाला लागू आहे याचा लेखी खुलासा मागवावा, एवढेच लिहिले.

कार्यालयाने घटनेप्रमाणे नोंदवही सुरू केली. प्रत्येक टप्प्याच्या तारखेचे रकाने तिच्यात आहेत. मूळ चित्रफीत अर्जदाराच्या फोनमधून केबलने घेऊन संगणकावर ठेवली जाते, व्हॉट्सॲपवरची चालत नाही. पंचनाम्यात कापलेला भाग वावात, जाळ्याचे वय आणि संस्थेच्या भांडारातला तंगूसचा चालू भाव येऊ लागला. त्यामुळे बऱ्याच मंजुऱ्या आता मर्यादेच्या खाली असतात. काही मच्छीमार यावर नाराज आहेत आणि त्यांचे एक म्हणणे रास्त आहे. नव्या तंगूसचा भाव धरला तरी जाळे भरायला बसणाऱ्या माणसाची मजुरी आणि बुडालेल्या फेऱ्या यात धरल्या जात नाहीत. गठ्ठ्याने फाईल पाठवणे थांबले, महिन्याला एकदा यादी जाते. अनुपालनासोबत, म्हणजे अहवालावर केलेल्या कार्यवाहीच्या उत्तरासोबत, आलेल्या तक्त्यात बहुतेक नवी प्रकरणे तीन महिन्यांच्या आत निघालेली दिसली. पावसाळ्यात बैठक न झालेली काही राहिली होती.

वेगळे काय करता आले असते

नमुना निवडताना रक्कम आणि शंकास्पद नोंदी हेच निकष होते. तारखांचा तक्ता पहिल्या दिवशी केला असता, तर विलंब पहिल्या दिवशीच दिसला असता. त्यासाठी बंदरावर जायचीही गरज नव्हती, सगळ्या तारखा फायलींतच होत्या. लहान रकमेच्या, थेट माणसाला मिळणाऱ्या अनुदानांत हा तक्ता आधी करावा, असे मी आता प्रत्येक पथकाला सुचवतो.

जाणकार व्यक्तीला बोलावणेही आधीच करता आले असते. खवले मोजण्याचे काम थोड्या वेळाचे होते, पण त्याने सगळी चौकशी योग्य प्रश्नावर आणून ठेवली. वन्यजीवांशी संबंधित खर्च तपासताना प्राण्याची ओळख पटवणारा माणूस पथकाच्या नियोजनातच असावा, शंका आल्यावर शोधू नये.

पुराव्याबद्दल योजना आखणाऱ्यांनीही विचार करायला हवा. चालत्या होडीवर, रात्री, एका हातात सुरी असताना माणूस जेवढे चित्रण करू शकतो, तेवढेच मागावे. बाकीची खात्री रक्षकाच्या रजिस्टरातून आणि संस्थेच्या वहीतून कार्यालयाने स्वतः करावी. मच्छीमाराकडून आणखी दोन दाखले मागणे सोपे वाटते. पण त्याने मध्यस्थाचे काम वाढते, आणि या प्रकरणातला एकमेव खोटा दावा कागदांनी पूर्ण भरलेल्या फाईलीत होता.

माझ्या मते सर्वांत मोठी गमावलेली संधी 'कासव' या एका शब्दात आहे. साठ घटना, प्रत्येकीचा महिना, जागा आणि जाळ्याचा प्रकार, ही किनाऱ्यावर कोणता प्राणी कुठे आणि कधी अडकतो याची आयती माहिती होती. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान अंडी घालायला येतात. त्या महिन्यांत कोणत्या भागात घटना दाट होतात, हे कळले तर जनजागृती आणि गस्त कुठे करायची ते ठरवता येते. कार्यालयाने ती रक्कम खर्च केली, पण जातीचा रकाना भरून घेतला नाही. हा मुद्दा अहवालात शिफारस म्हणून घातला. नव्या नोंदवहीत जातीसाठी चित्रांची पट्टी चिकटवली आहे आणि अर्जदार तिच्यावर बोट ठेवून सांगतो.

जोडावर अडकलेल्या प्राण्याबाबतचा खुलासा अजून आलेला नाही. तोपर्यंत कार्यालय अशा घटनेत दोन्ही जाळ्यांचे मोजमाप वेगळे करते आणि एकूण रक्कम २५,००० च्या आत ठेवून दोघांत वाटते. त्या परिच्छेदासमोर अनुपालनाच्या यादीत 'प्रलंबित' असा शेरा आहे.